लाभांश वृद्धी प्रारूपाने काढलेले मूल्य बाजारभावापेक्षा इतके जास्त का येते?

प्रश्न

नियमित लाभांश देणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या शेअरचे मूल्य मी लाभांश वृद्धी प्रारूपाने (कायम ठरावीक दराने वाढणाऱ्या भावी लाभांशांचे आजचे मूल्य काढणाऱ्या सूत्राने) काढून पाहत आहे. नुकताच मिळालेला वार्षिक लाभांश प्रतिशेअर 10 आहे, गेल्या पाच वर्षांत तो दरसाल सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आहे आणि जोखीम लक्षात घेता मला 10 टक्के परतावा अपेक्षित आहे. 10 ला या दोन दरांतील फरकाने, म्हणजे 0.02 ने भागले की 500 येतात. बाजारात मात्र शेअर 280 ला मिळतो. कंपनी नफ्याच्या 60 टक्के रक्कम लाभांश म्हणून वाटते (पाच वर्षांपूर्वी 55 टक्के वाटत असे) आणि तिचा इक्विटीवरील परतावा (भागधारकांच्या भांडवलावर मिळणारा नफा) 15 टक्क्यांच्या आसपास स्थिर आहे. शेअर खरोखरच स्वस्त आहे का?

उत्तर 1

सूत्रात अंशस्थानी पुढील वर्षीचा लाभांश घ्यायचा असतो, म्हणजे 10.80, तो घेतल्यास मूल्य 540 येईल आणि तफावत उलट वाढेल. खरी अडचण छेदात आहे. तेथे फक्त 2 टक्के उरले असल्यामुळे वाढीचा दर 8 ऐवजी 7 धरला, तरी मूल्य 357 पर्यंत खाली येते.

उत्तर 2

मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सूत्रातील वाढीचा दर हा कायमचा दर असतो, त्यामुळे मागील पाच वर्षांची सरासरी तेथे तशीच ठेवणे मला धोक्याचे वाटते. तुमच्याच आकड्यांवरून दिसते की लाभांशवाढीचा काही भाग नफ्यातून नव्हे, तर वाटपाचे प्रमाण 55 वरून 60 टक्क्यांवर नेल्यामुळे आला आहे. तो वगळल्यास प्रतिशेअर नफा दरसाल सुमारे 6 टक्क्यांनीच वाढलेला दिसतो. वाटपाचे प्रमाण 100 टक्क्यांपलीकडे कायम वाढत राहू शकत नाही, म्हणून ही वाढ पुढे गृहीत धरता येत नाही.

टिकाऊ दर काढण्याची पद्धत म्हणजे राखून ठेवलेल्या नफ्याचे प्रमाण गुणिले इक्विटीवरील परतावा. येथे 40 टक्के गुणिले 15 टक्के, म्हणजे पुन्हा 6 टक्केच. पुढील लाभांश 10.60 आणि छेद 4 टक्के घेतल्यास मूल्य 265 येते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पुढील तीन वर्षे 8 टक्के वाढ होईल असे मानण्यास कारण असेल, तर काय करावे?

उत्तर 3

मग दोन टप्प्यांचे प्रारूप वापरावे. तीन वर्षांचे लाभांश (10.80, 11.66 आणि 12.60) 10 टक्क्यांनी वर्तमान मूल्यात आणले, तर त्यांची बेरीज सुमारे 29 होते. त्यानंतर कायमची 6 टक्के वाढ धरल्यास तिसऱ्या वर्षाअखेरचे मूल्य 334 येते, ज्याचे आजचे मूल्य 251 आहे. एकूण 280, म्हणजे जवळजवळ बाजारभावच. यातला सुमारे नव्वद टक्के हिस्सा दुसऱ्या टप्प्याचा आहे हे नजरेआड करू नये, कारण नंतरचा दर 5 टक्के धरला तर हेच मूल्य 228 वर येते.

माझ्या मते अशा वेळी सूत्र उलटे वापरणे अधिक उपयोगी ठरते. 280 हा भाव आणि 10 टक्के परतावा धरून एकाच टप्प्याच्या सूत्रातून वाढीचा दर काढला, तर तो सुमारे 6.2 टक्के येतो. ही कंपनी वाटपाचे प्रमाण न वाढवता एवढी वाढ दीर्घकाळ टिकवू शकेल का, हे तिच्या ताळेबंदावरून तपासता येते. ‘शेअर 280 चा की 540 चा’ या प्रश्नापेक्षा त्याचे उत्तर शोधणे कितीतरी सोपे आहे.