मराठ्यांच्या गेममध्ये पावसाळाच नाही! नव्या ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये तुम्हाला नेमकं काय हवंय?

सक्करदऱ्याचा_शिलेदार (धागाकर्ता)

मे महिन्यात कूलरसमोर बसून 'एम्पायर: टोटल वॉर' पुन्हा काढला. २००९ चा गेम, ग्राफिक्स आता म्हातारे झालेत, पण मराठे हातात देतो म्हणून जीव अडकलाय. १७०० साली सुरू होतो. दोन-तीन संध्याकाळी खेळून माझी फौज बंगालच्या वाटेला लागली आणि तेव्हा पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. चाल संपवली: उन्हाळा. पुढची चाल: हिवाळा. परत उन्हाळा. वर्षाला दोन चाली आणि दोनच ऋतू. पावसाळा कुठेच नाही.

हसू नका. मराठ्यांच्या मोहिमेचं अख्खं वेळापत्रक पावसावर बेतलेलं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मृग लागायच्या आत घरी यायचं, नाहीतर कुठेतरी छावणी करायची. घोड्याला चारा, नदीला उतार आणि बैलाला वाट, या तिन्हींवर राजकारण चालायचं. १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्लीने नेमकं हेच हेरलं. त्याने ऐन ऑगस्टात अहमदनगर घेतलं. नद्या भरल्या की मराठी घोडदळ काठावर अडकतं आणि ज्याच्याकडे नावा तयार असतात तो पलीकडे जातो, हा त्याचा हिशोब. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. दोनच दिवसांनी देवगावचा तह. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या हातून कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. आणि आपण चिखलदऱ्याला जातो, गाविलगडावर फोटो काढतो, भजी खातो आणि परत येतो.

दुसरी गोष्ट चौथाई. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने पहिल्या रघुजींना वर्षाला १२ लाख द्यायचं कबूल केलं. आता सांगा, हे नकाशावर कोणत्या रंगात दाखवणार? मुलूख नवाबाचा, पैसा नागपूरचा. गेमला फक्त 'माझं' आणि 'तुझं' कळतं.

म्हणून नव्या गेमकडून मला आणखी चकचकीत तोफा नकोत. मला अडचण हवी आहे. पाऊस, चारा, सावकाराची हुंडी आणि रुसून बसलेला चुलता. बोला.

तर्रीबाज

भाऊ, मी दिवसभर हापिसात एक्सेल भरून राह्यलो. घरी येऊन पुन्हा चाऱ्याचा हिशोब कराचा? काहून बे?

एज ऑफ एम्पायर्स २ घे. १९९९ चा गेम हाय. अजूनही लोक खेळते, मी खेळतो, माझा पुतण्या खेळते. मेंढी काप, गावकरी काढ, २०० ची फौज भर, पाऊण तासात निकाल. आई पोळ्या टाकते तोवर एक डाव होते. याले गेम म्हणते. तुझ्या गेममध्ये जून ते सप्टेंबर मी काय करू? छावणीत बसून गंजिफा खेळू?

सक्करदऱ्याचा_शिलेदार

हो, बसायचंच. छावणीतच तर खरा खेळ. शिलेदारांचा पगार थकलाय, सावकार व्याज वाढवतोय, अर्धे लोक पेरणीला गावाकडे निघालेत. दसऱ्याला किती परत येतील हे तुला माहीत नाही. मेंढी कापण्यापेक्षा हे जास्त थरारक आहे.

तर्रीबाज

तुले थरार वाटते, मले आमच्या सोसायटीची मीटिंग वाटते.

गोंडवाना_गेट

शिलेदार, अडचणीचा मुद्दा पटला, पण तुमचा इतिहास नेहमीसारखा भोसल्यांपासूनच सुरू झाला. हे नागपूर शहर १७०२ मध्ये देवगडच्या बख्त बुलंद शहाने वसवलं. रघुजी आले ते गोंड घराण्यातल्या वारसाच्या भांडणात. नंतर त्यांनी बुऱ्हाण शहाला नावाचा राजा म्हणून ठेवलं आणि कारभार स्वतःकडे घेतला. गादीवर एक, तिजोरीवर दुसरा. तुमच्या चौथाईइतकीच ही भानगड रंगात दाखवायला अवघड आहे.

मी 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये १४४४ ला गोंडवाना घेऊन खेळलो. वर माळवा, खाली बहमनी. ठरवलं की जंगल धरून राहायचं, कोणाच्या वाटेला जायचं नाही, हत्ती आणि लाकूड विकून जगायचं. गेमने शंभर वर्षं मला जांभया द्यायला लावल्या. त्याला वाढण्याशिवाय दुसरी भाषाच येत नाही. जो राजा शेजाऱ्याचा मुलूख गिळत नाही तो त्यांच्या हिशोबात झोपलेला. प्रत्यक्षात तग धरून राहणं हेच गोंड राजांचं सगळ्यात मोठं कसब होतं. नव्या गेममध्ये मला टिकण्याचे गुण हवेत. नकाशा रंगवण्याचे पुष्कळ झाले.

धंतोलीची_वाचक

मी गेम कमी खेळते, नवरा खेळतो, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शेजारच्या काकीमा बंगाली. त्यांच्याकडे बाळाला झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालायची पद्धत आहे, पिढ्यान्‌पिढ्या. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. म्हणजे आपल्या नागपूरच्या महाल भागातून निघालेली माणसं तिकडच्या अंगाईत बागुलबुवा होऊन बसली आहेत. १७४१ पासून दहा वर्षं या स्वाऱ्या चालल्या. आणि नवऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतं? गाव लुटलं की नाणी खुळखुळतात आणि आकडा वाढतो. पुढच्या वर्षी त्या गावात नांगर धरायला कोणी उरलं का, हा प्रश्नच नाही. शिलेदारभाऊंच्या अडचणींच्या यादीत ही अडचण का नाही?

बर्डी_बटालियन

ताई, मग १७४४ पण दाखवा. रघुजींचे सेनापती भास्करपंत यांना बोलणीसाठी म्हणून भेटीला बोलावून अलिवर्दीने तंबूत कापलं. आपल्याच लोकांना खलनायक करणारा गेम मी पैसे देऊन घेणार नाही. आधीच आपल्यावर गेम नाहीत. एज २ मध्ये सुरुवातीला भारतीयच नव्हते, २०१३ मध्ये आले, २०२२ मध्ये त्यांचे चार भाग झाले, त्यातही मराठे नाहीत. एज ३ मध्ये भारतीय आहेत, पण गाई पवित्र कुरणात बांधून गुण मिळवायचे. आणि सिव्हिलायझेशनमध्ये वर्षानुवर्षं गांधीजी आणि अणुबाँब, हाच एक विनोद.

एकदा तरी असा गेम यावा की घोड्यावर बसल्यावर छाती भरून येईल. अडचणी नंतर बघू.

गोंडवाना_गेट

गांधीजी प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे ('बग') अणुबाँब टाकायला लागले ही गोष्ट खरी नाही, खुद्द सिव्हिलायझेशनचा जनक सिड मायरने २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात ती नाकारली आहे. राहिला एज २. त्याचा काळच मुख्यतः शिवाजी महाराजांच्या आधीचा, तिथे मराठे शोधून काय उपयोग?

धंतोलीची_वाचक

बटालियन, १७४४ दाखवाच, मी कुठे नाही म्हटलं? नवाबही दगाबाज आणि बर्गीही जाळपोळ करणारे, असा गेम असेल तर मी स्वतः खेळेन. फक्त नाणी खुळखुळवणारा नको.

मिहानचा_मॉडर

दिवसा नोकरी, रात्री मॉड (म्हणजे दुसऱ्यांच्या गेममध्ये आपले फेरफार), असं माझं सात-आठ वर्षं चाललंय. तुम्ही सगळे मागण्या करताय, पण त्या राबवायला कॉम्प्युटर आहे हे विसरताय.

प्रत्येक नियम तुमच्यासोबत समोरच्या एआयलाही पाळता आला पाहिजे. मी एकदा एका गेममध्ये रसदीचा नियम घातला: फौज गोदामापासून लांब गेली की रोज माणसं कमी. मी स्वतः मस्त खेळलो. तिसऱ्या रात्री पाहिलं तर एआयच्या तिन्ही फौजा एका घाटात उभ्या राहून उपाशी मरत होत्या. एकही लढाई न होता त्याचं राज्य बुडालं. मग काय, एआयला रसद फुकट केली. त्यावर एका खेळाडूची पहिली प्रतिक्रिया: 'हा तर चीटिंग करतो.' बरोबर होतं त्याचं.

म्हणून कंपन्या पाऊस टाकत नाहीत. आळस नाही तो. एम्पायरमध्ये जवळजवळ सगळा फ्रान्स एका प्रांतात कोंबलाय, पॅरिस पडलं की फ्रान्स संपला. लोक हसतात. पण तीन खंडांचा नकाशा त्या काळच्या मशीनवर चालवायचा तर कुठेतरी कात्री लागणारच. आमच्या नशिबी पावसाळ्याला लागली.

माझं मत विचाराल तर नवीन काही नको, आहे तो एआय आधी शहाणा करा.

इतवारीचा_हिशोबनीस

आणि किमतीचं कोणी बोलणार का? मूळ गेम सेलमध्ये स्वस्तात टाकतात, मग जे हवं ते डीएलसीत, म्हणजे वेगळे पैसे घेऊन विकलेल्या पुरवणीत. भारताचं नीट काम हवं? युरोपा ४ मध्ये 'धर्म' घ्या, २०१८ ची डीएलसी. भाषा? एज २ ची २०१९ ची आवृत्ती हिंदीत आहे, मराठीत नाही. मी मागच्या वर्षी एका दुकानातून डीएलसीचा कोड घेतला, तो आधीच वापरलेला निघाला, पैसे आजतागायत आले नाहीत. त्यामुळे माझी मागणी एकच: एकदाच पैसे घ्या, अख्खा गेम द्या.

तर्रीबाज

हिशोबनीस बोलला ते शंभर टक्के.

अजनीची_आगगाडी

मला शिलेदारच्या मूळ मुद्द्यातच खोट दिसते. मराठे पावसात लढत नाहीत म्हणे. राक्षसभुवनची लढाई कधी झाली? १० ऑगस्ट १७६३. श्रावणात, गोदावरीच्या काठावर. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. थांबले का ते दसऱ्याची वाट बघत? तुमचा पावसाळ्याचा नियम गेममध्ये असता तर राक्षसभुवन खेळताच आलं नसतं. इतिहासाच्या नावाखाली खेळाडूचे हात बांधायचे आणि वर त्यालाच वास्तव म्हणायचं.

सक्करदऱ्याचा_शिलेदार

आगगाडी, तुम्ही माझंच उदाहरण मला फेकून मारलंत, आभारी आहे.

राक्षसभुवनला झालं काय? निजाम अर्धी फौज घेऊन गोदावरी उतरून पलीकडे गेला. नदीला पूर. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे अडकला. माधवरावांनी त्याला तिथेच गाठलं आणि निजामाला पलीकडच्या काठावरून बघत बसावं लागलं. ही लढाई पावसानेच घडवली! पाऊस म्हणजे 'खेळ बंद' असं मी म्हटलंच नाही. तो डाव उलटवणारा पत्ता आहे. वेलस्लीने तो आपल्यावर टाकला, माधवरावांनी चाळीस वर्षं आधी निजामावर टाकला. ज्या गेममध्ये गोदावरी बाराही महिने सारखीच निळी रेघ असते, त्यात राक्षसभुवन कसं होणार? तिथे दोन्ही फौजा एकाच प्रांतात उभ्या राहतील आणि ज्याची संख्या जास्त तो जिंकेल.

आणि रुसलेला चुलता म्हटलं होतं ना? सरदारही तसेच रुसायचे. त्याच वर्षी आपले जानोजी भोसले निजामाच्या बाजूने होते. पुणं लुटलं-जाळलं त्यात तेही. मग राक्षसभुवनला निजामाची साथ सोडली. एम्पायरमध्ये 'मराठे' हा एकच रंग आहे हो. जानोजींना कुठे ठेवणार?

अजनीची_आगगाडी

पुराचं मान्य. जानोजींचं नाही. स्वतःचाच सरदार मध्येच फितूर होणार असेल तर मी गेम सेव्ह करून पुन्हा लोड करणार, सगळे तेच करतात. मग तुमची अडचण राहिली कुठे?

मिहानचा_मॉडर

यावर उपाय आहे. फितुरी नशिबावर सोडायचीच नाही. जानोजींना काय हवं ते खेळाडूला आधीपासून दिसलं पाहिजे: वऱ्हाडातला हिस्सा, सनद, मान. नाही दिलं तर ते जाणार हे तुला माहीत असतं. लोड करून काही बदलत नाही, कारण चूक पाच वर्षं जुनी असते. हे एआयलाही जमतं, साधी बेरीज-वजाबाकी आहे. पाऊस मात्र अजूनही नाही जमत.

(तरी 'मॅनर लॉर्ड्स' आठवतो. २०२४ मध्ये आला, मुख्यतः एका माणसाने बनवला. सुरुवातीला गावात एकच बैल, ओंडके तोच ओढणार. लोक त्या एका बैलावर जीव टाकतात. म्हणजे अडचण विकली जाते, फक्त ती डोळ्यांना दिसली पाहिजे.)

बर्डी_बटालियन

मग काढू या की आपणच एक नागपुरात. रघुजींची तलवार सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाखांना परत आणली. इच्छा असली की पैसा निघतो.

मिहानचा_मॉडर

४७ लाखांत चांगला ट्रेलरही होत नाही भाऊ. पण पहिल्या रघुजींपासून १८०३ पर्यंत, फक्त नागपूर ते कटक एवढीच पट्टी, एवढा मॉड होऊ शकतो. मोठा नकाशा टाळला की एआयचं निम्मं दुखणं जातं. वर्षाला दोनऐवजी सहा चाली. वैनगंगा आणि महानदीला उतार फक्त चार चालींत.

गोंडवाना_गेट

१७०२ पासून करा. नकाशा मी काढतो.

धंतोलीची_वाचक

आणि लुटलेल्या गावातून पुढची तीन वर्षं वसूल शून्य. लिहून ठेवा.

तर्रीबाज

ठीक हाय, टाका बाप्पा पाऊस. पण कोपऱ्यात एक 'स्किप पावसाळा' बटण पायजे. मी थेट दसऱ्याले उगवतो.

सक्करदऱ्याचा_शिलेदार

बटण नाही मिळणार. पावसात चालायचं असेल तर वेलस्लीसारखं कर. उन्हाळ्यातच नावा बांधून ठेव.

तर्रीबाज

नाव केवढ्याले पडते, ते सांग आधी.