जुने गेम, जुनी कॉमिक्स: मूळ वस्तू हवी की प्रत पुरते?

डबाटीव्ही (मूळ धागा)

गेल्या दिवाळीत भंगारवाल्याकडून एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणला. दोघांनी धरून दुसऱ्या मजल्यावर चढवला. भिंतीवर चांगला पातळ टीव्ही असताना हा डबा कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. कारण होतं बंदूक.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारे बहुतेक टीव्ही गेम हे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. त्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची आणि बदकं मारायचा 'डक हंट'. या बंदुकीतून काही सुटत नाही. नळीत प्रकाश ओळखणारा डोळा बसवलेला असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळोखामागोमाग उजेड दिसला की बदक पडलं. पातळ टीव्हीवर चित्र यायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात गेमने नेम चुकल्याचं ठरवून टाकलेलं असतं. माझ्या मुलाने त्या डब्यासमोर पहिलं बदक पाडलं तेव्हा मला समजलं, की इम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, माउसने मारतात तो हा खेळच नव्हे.

कॉमिक्सचंही तेच. माझ्याकडे मराठी इंद्रजालचे काही अंक आहेत, बहुतेक वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चे. नेटवर फिरणाऱ्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा पानं पांढरीशुभ्र केलेली असतात, जाहिराती उडवलेल्या असतात. माझ्या हातातल्या अंकात रंग रेषेबाहेर सांडलाय, मागच्या पानाची शाई पुढे उमटलीय. तो अंक तसाच छापला गेला होता आणि आम्ही तो तसाच वाचला होता. मूळ वस्तू हातात नसेल तर जपणूक झाली असं मी मानत नाही.

राखाडी_पान

साफ असहमत.

माझं लहानपण लातूरला गेलं. दोन पत्र्याच्या पेट्या भरून इंद्रजाल होतं. एका पावसाळ्यात वाळवीने खालची पेटी संपवली, वरची रद्दीत गेली. पुढे वीस वर्षांनी कुणा अनोळखी माणसाने स्कॅन करून टाकलेल्या अंकात मला माझा वेताळ परत भेटला, कवटीच्या अंगठीसकट. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. ते वाचन खोटं होतं असं मला कुणी सांगू नये.

वृत्तपत्री कागद तुम्ही कितीही प्लॅस्टिकमध्ये ठेवा, तो पिवळा पडणार, मग घडीवर तुटणार. तुमच्या डब्याची पिक्चर ट्यूब गेली तर नवी कुठून आणणार? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात विकत मिळत नाहीत. ते खेळले जातात ते हौशी लोकांच्या प्रतींमुळे. 'मूळच हवं' म्हणायला घरात जागा लागते, पैसा लागतो. जिच्याकडे दोन्ही नाही, तिने वेताळ वाचूच नये का?

विक्रम_आणि_झाड

मला वाटतं तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींना एकच माप लावताय. नाथमाधवांची 'वीरधवल' ही कादंबरी १९१३ ची. मी वाचली ती अलीकडच्या आवृत्तीत, नव्या टाइपात. काही हरवलं असं वाटलं नाही, कारण ती सगळी शब्दांत आहे. लेखक १९२८ साली गेले, त्यामुळे हक्काची मुदतही केव्हाच संपली, कुणीही छापावी.

पण चांदोबातली विक्रम-वेताळाची गोष्ट नुसती टाइप करून दिली तर तो चांदोबा नाही. शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत टाकून तलवार परजत निघालेला विक्रम पानावर नसेल तर मला अर्धीच गोष्ट मिळाली. त्याची चांगली प्रत मात्र चालेल. बंदुकीच्या खेळाला प्रतही चालत नाही. म्हणून कादंबरीला, कॉमिक्सला आणि गेमला वेगवेगळा न्याय लावा.

नऊनऊनऊइनवन

डबाटीव्ही, एक प्रश्न. तुमचं 'मूळ' म्हणजे नक्की काय? आपला टीव्ही गेम नकली, आतली कॅसेट नकली. कव्हरवर '९९९९९९ इन १', आत मोजून पाच-सहा गेम, तेच पुन्हा वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. इंद्रजालनेही वेताळाच्या बांगल्ला देशाचं डेंकाली केलं, सिंग चाच्यांचं सिंगा केलं, आणि आपण वाचला तो वर अनुवाद. प्रतीवर वाढलेल्या पिढीने प्रतीला नावं ठेवावीत, हे मला पटत नाही.

डबाटीव्ही

हा प्रश्न मला लागला. चार दिवस डोक्यात होता, म्हणून उशिरा लिहितोय.

बरोबर आहे, आमचं मूळ ही नक्कलच होती. पण म्हणूनच ती वस्तू ठेवायला हवी! 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा ४० किलोबाइटचा प्रोग्रॅम जगभर हजारो ठिकाणी आहे, तो कुठे जात नाही. आपल्या गल्लीत फिरणारी, चुकीचं चित्र चिकटवलेली, अर्ध्या गेमची नावं बदललेली कॅसेट जपानमधलं किंवा अमेरिकेतलं कुठलं संग्रहालय ठेवणार आहे? डेंकाली आपलं आहे. मराठी वेताळ ज्या भाषेत बोलतो ती भाषा इंग्रजी अंकांच्या स्कॅनमध्ये सापडणार नाही.

राखाडी_पान, वाचन खोटं असं मला म्हणायचं नव्हतं. तसं वाटलं असेल तर ते वाक्य मी मागे घेतो. वस्तूबद्दलचं मत मात्र तेच आहे.

आणि एक विनंती सगळ्यांनाच: कॅसेट चालली नाही म्हणून तिच्यात फुंकर मारू नका. आपण लहानपणी मारायचो आणि ती चालायची, पण चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पिनांना गंज आणतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हलक्या हाताने पुसा, वाळू द्या.

राखाडी_पान

मराठी अंक किती आहेत तुमच्याकडे?

डबाटीव्ही

त्रेचाळीस. सहा अंकांना मुखपृष्ठ नाही.

राखाडी_पान

मग ते तुमच्या कपाटात राहून मराठी वेताळ टिकला असं कसं म्हणता? उद्या तुमच्याही घरात वाळवी लागेल. मला स्कॅन करू द्या. पानं पांढरी करणार नाही, जाहिराती ठेवीन, वाचकांची पत्रं ठेवीन.

डबाटीव्ही

पिना उसवायच्या नाहीत. अंक पूर्ण उघडून काचेवर दाबायचा नाही.

राखाडी_पान

दाबणार नाही. वरून कॅमेरा लावून फोटो काढेन, अंक अर्धाच उघडून. दोन रविवार लागतील. मुखपृष्ठ नसलेले सहा आधी घेऊ, ते सगळ्यात आधी जातील.