मदत हवी आहे : साध्या वापराच्या लॅपटॉपला तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं का?

नमस्कार मंडळी,

मी गुहागर तालुक्यात राहते, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. घरगुती कोकम आगळ, आंबापोळी आणि कुळीथपीठ करून विकते. ऑर्डरी, हिशेब, कुरियरचे पत्ते सगळं एकाच लॅपटॉपवर. २०१९ सालचा आहे, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. रात्री तोच मुलाला बारावीच्या व्हिडिओंसाठी लागतो. गेम नाहीत, एडिटिंग नाही.

मे महिन्यात तो तीनदा काम चालू असतानाच फटकन बंद पडला. चिपळूणला एका दुकानात दाखवला. त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं, "ताई, गरम होतोय. तापमानावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर बोर्ड जाईल." त्याचे दरवर्षी पैसे भरायचे. मी घेतलं नाही. मुलाने एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं म्हणून ते टाकून दिलं, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. ब्राउझर उघडला की आकडा ९० च्या वर जातो, एकदा ९४ पाहिला, आणि दोन-तीन सेकंदांत परत ६५. नुसतं एक्सेल चालू असलं तर ५५ ते ६०. नव्वदी दिसली की मी हातातलं काम टाकून लॅपटॉप बंद करते. परवा अशाच घाईत पत्ता अर्धवट राहिला आणि आंबापोळीचं पार्सल भलतीकडे गेलं.

हा आकडा सतत बघत बसणं खरंच गरजेचं आहे का? किती झाला म्हणजे घाबरायचं? पाऊस आठ दिवसांवर आलाय, आगोटीची कामं पडली आहेत. त्यात नवीन लॅपटॉपचा खर्च या वर्षी मला झेपणारा नाही, म्हणून कळकळीने विचारते आहे.

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, ९४ बघून बंद करू नका. तुमच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिच्याजवळ गेला की तो आपणहून वेग कमी करतो. त्यानेही भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो. ही सोय चिपमध्येच आहे, सॉफ्टवेअर असो वा नसो. ब्राउझर उघडताना प्रोसेसर काही सेकंद सगळी ताकद लावतो, ती तुम्हाला दिसलेली उडी. उडी सोडून द्या. दहा-पंधरा मिनिटं नेहमीचं काम केल्यावर आकडा कुठे ठरतो ते बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात ५५-६० म्हणजे तब्येत चांगली आहे.

सॉफ्टवेअर वाईट नाही, पण अंगात कणकण वाटली की आपण थर्मामीटर लावतो, दिवसभर काखेत धरून फिरत नाही. पंखा सारखा घोंघावायला लागला, लॅपटॉप रेंगाळायला लागला, तर ते सॉफ्टवेअर उघडा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कमी करणं) अशी ओळ असते, तिथे रोजच्या कामात 'येस' दिसत असेल तर साफसफाईची वेळ झाली. आजचा आकडा वहीत लिहा, दिवाळीत पुन्हा बघा. रोज तासन्‌तास गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने तो डोळ्यांसमोर ठेवावा, तुम्हाला गरज नाही.

पैसे भरायचं पॅकेज तर मुळीच घेऊ नका. शिवाय असली सॉफ्टवेअर सिस्टीमच्या अगदी आतल्या थरात ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या भागांशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम, बसवून आकडे वाचतात. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने (विंडोजच्याच अँटीव्हायरसने) विनरिंगझीरो नावाचा असाच एक ड्रायव्हर धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात केली. ओपन हार्डवेअर मॉनिटरसारखी बरीच फुकट सॉफ्टवेअर तोच वापरायची. म्हणून कुठूनही उतरवलेलं काहीही टाकायचं नाही.

तुमच्या वर्णनावरून मला ताप हे कारण वाटतच नाही. बंद पडला तेव्हा चार्जर लावलेला होता का? लाईट गेली होती का, किंवा डीम झाली होती का? बॅटरी किती वेळ टिकते? आणि हिशेबाची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर घ्या, हे सगळ्यात आधी.

प्रतिसाद (देवगड)

वरच्यांशी सहमत. फक्त एक सांगतो, कारण आमचंही घर खाडीलगत आहे. आपल्याकडे यंत्राचा खरा वैरी खारी हवा, आणि ती कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं. बोर्डावर बसलेले खाऱ्याचे कणही तसेच ओले होतात, मग कनेक्टर हिरवे पडतात. पंख्यातही ओलीमुळे धूळ उडून न जाता थापल्यासारखी बसते. म्हणून जून ते सप्टेंबर लॅपटॉप आठ-आठ दिवस कपाटात ठेवू नका, रोज तासभर तरी चालवा, त्याच्या ऊबेने ओल निघते. पडवीत, खिडकीखाली नको, माजघरात ठेवा. गादीवर किंवा चटईवर ठेवलात तर खालची हवा कोंडते, म्हणून पाट घ्या आणि मागे दोन लाकडी ठोकळे सरकवा. एसी गाडीतून आणलात तर अर्धा तास थांबून मग चालू करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद (चार दिवसांनी)

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही विचारलंत आणि लख्ख आठवलं. तिन्ही वेळा चार्जर लावलेला होता आणि तिन्ही वेळा लाईट डीम होऊन परत आली होती. मुलाने विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमता ४१ वॅट-तास, आता उरली आहे ९. लाईट डीम झाली की सगळा भार या बॅटरीवर पडतो, तो तिला पेलत नाही आणि लॅपटॉप मान टाकतो. तापमानाचं खापर उगाच फोडलं गेलं होतं.

तरी मागचं झाकण उघडून घेतलं, गावातल्याच एका ओळखीच्या मुलाकडून, माझ्यासमोर. पंख्याच्या तोंडाशी लाल माती आणि कापसासारखी जाड धूळ बसली होती. ब्रशने साफ करताना त्याने पंखा बोटाने धरून ठेवला, गरगर फिरू दिला नाही. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्टही नवीन लावली. आता ब्राउझर उघडताना ८० च्या आसपास जातो. आकडा वहीत लिहिला आहे आणि सॉफ्टवेअर बंद ठेवलं आहे. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी माहेरी भावाकडे पाठवली.

आता एकच विचारायचं आहे. २०१९ च्या मॉडेलची बॅटरी चांगल्या प्रतीची रत्नागिरी किंवा चिपळूणमध्ये मिळते का, की मुंबईहून मागवावी? आणि ती येईपर्यंत लॅपटॉप घरच्या इन्व्हर्टरवर चालवला तर काही अडचण आहे का? पहिल्या पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाईट नसते आणि आगळीच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येतात.