स्वरावरचं टिंब म्हणजे तार सप्तक नाही का?

पेटीवाला_गंगाखेड
नमस्कार मंडळी. एकादशीच्या भजनाला 22 वर्षं झाली पेटी वाजवतोय. स्वर लिहायला-वाचायला शिकलो ते भातखंडे पद्धतीनं. वर टिंब तार, खाली टिंब मंद्र, खाली आडवी रेघ कोमल. झोपेत विचारा.

लेक सातवीत आहे. तिला कीबोर्डची ग्रेडची परीक्षा द्यायचीय, ऑनलाइन क्लास लावलाय. पुस्तक पाश्चात्त्य पद्धतीचं, पाच रेघांवर ठिपके मांडलेलं. कोणता ठिपका कोणता स्वर ते मी महिनाभर बसून पाठ केलं, म्हणलं आता लेकराला मदत करू.

परवा एका ठिपक्याच्या डोक्यावर टिंब दिसलं. मी म्हणलो तार, वरचा घे. पुढं टिंब खाली आलं, म्हणलो मंद्र. त्याच्या पुढं आडवी रेघ, म्हणलो कोमल. लेकरानं बापावर विश्वास ठेवून तसंच वाजवलं अन् रेकॉर्डिंग पाठवून दिलं. मॅडमचा मेसेज आला, "हे कोणतं गाणं आहे?"

दुसरं असं की ओळीखाली पी, एफ, एमपी, एमएफ लिहिलंय. एमपी म्हणजे मध्य प्रदेश नसणार एवढं कळतंय. मॅडमचा शेरा आहे, "डायनॅमिक्स नाहीत". आता ती पी आला की अलगद दाबायली, एफ आला की ठोकायली, मी समोर बसून बघायलो. पण कानाला काडीचा फरक येईना. हे काय गौडबंगाल आहे?

कॉर्नेटकाका_लातूर
पेटीवाले, हसू आवरेना बघा! पण मीही यातून गेलोय. आमच्या बँडचे मास्तर पोलीस बँडमधून रिटायर झालेले, त्यांनी पट्टी घेऊन शिकवलं.

पाच रेघांत स्वर वरचा का खालचा हे ठिपका कुठं बसलाय त्यावरून ठरतं. टिंबाचा त्याच्याशी संबंध नाही. टिंब म्हणजे स्टकाटो, स्वर तोडून वाजवायचा. ते ठिपक्याच्या जवळ असावं म्हणून सहसा ठिपक्याला जोडलेल्या उभ्या काडीच्या उलट्या बाजूला देतात. काडी वर असली तर टिंब खाली, काडी खाली असली तर टिंब वर. तुमचं तार-मंद्र त्या काडीनं केलं! अन् टिंब ठिपक्याच्या उजव्या बाजूला असलं तर गोष्टच वेगळी, तिथं मात्रा दीडपट होते. एकाची दीड, दोनाची तीन.

आडवी रेघ म्हणजे टेनूटो, स्वर पुरता धरायचा, अर्धवट सोडायचा नाही. मास्तर आम्हाला जिभेनं शिकवायचे. तोडायचं तर कॉर्नेटात, म्हणजे आमच्या फुंकायच्या पितळी वाद्यात, "तु तु तु", जोडून वाजवायचं तर "दू दू दू". लेकीला आधी तोंडानं म्हणायला लावा, मग बोटानं.

पी म्हणजे पियानो, हळू. एफ म्हणजे फोर्टे, जोरात. एम म्हणजे मेझो, मध्यम. सगळं इटालियन. ह्या हळू-जोरातलाच मॅडम डायनॅमिक्स म्हणतात. 1597 साली व्हेनिसच्या गाब्रिएली नावाच्या संगीतकारानं वाद्यांच्या एका रचनेत हे हळू-जोरात छापून दिलं होतं. एक ताफा वाजवतोय तेव्हा हळू, दोन्ही ताफे मिळून तेव्हा जोरात. आम्ही वरातीत वेगळं काय करतो? नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत एकटी क्लॅरिनेट, मग सगळे.

भजनी_सेलू
कशाला एवढी उठाठेव? कुठं चढायचं, कुठं उतरायचं ते गुरूच्या तोंडून येतं. कागदावर जोर लिहून कुणी गवई झालाय का?

तीन_सप्तक_नांदेड
भजनीबुवा, आपल्याकडंही लिहितात की. कंसात (प) दिसला की तुम्ही धपमप घेताच ना? फक्त तो किती जोरात घ्यायचा हे आपण गुरूवर सोडलंय. ज्याला समोर गुरू नाही, मोबाइलवर मॅडम आहेत, त्यानं काय करावं?

पेटीवाले, काकांनी टिंबाचं सांगितलं, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येते. लेक आधी तुमच्या पेटीवर शिकली असणार. पेटीत पट्टी अलगद दाबा नाहीतर ठोका, आवाज तेवढाच. लहान-मोठा करतो तो डाव्या हातातला भाता. म्हणजे तिच्या उजव्या हाताला ही सवय कधी लागलीच नाही. यात तिचा दोष नाही, हार्प्सिकॉर्ड या जुन्या, तारांच्या पट्टीवाद्याचंही हेच रडगाणं होतं, तार छेडली जायची ती एकाच जोरानं. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्टोफोरीनं छेडायच्या जागी हातोडी बसवली. बोटाचा जोर तारेपर्यंत पोचला. वाद्याचं नावच पडलं हळू-जोरात, पियानोफोर्टे.

पण ती आता ठोकतेय तरी फरक नाही म्हणता, म्हणजे कीबोर्डचा "टच", बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा करायची सोय, बंद असणार. सेटिंगमध्ये टच रिस्पॉन्स बघा. अगदी स्वस्तातल्या कीबोर्डला तो नसतोच, तसं असेल तर मॅडमना आधी सांगा, लेकरू उगं बोलणी खातंय.

आणखी दोन फसव्या खुणा. डावीकडं तोंड उघडलेला आडवा व्ही एकाच स्वरावर, छोटासा असेल तर अ‍ॅक्सेंट, तेवढ्याच स्वरावर आघात. तोच लांब ओढून चार-पाच स्वरांखाली असेल तर आवाज उतरत न्यायचा, डिमिन्युएंडो. उलट्या तोंडाचा लांब व्ही म्हणजे क्रेशेंडो, चढत. अन् स्वरांवरची कमान बघून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, समजू नका. लगतच्या दोन एकाच स्वरांना जोडणारी कमान असेल तर दुसरा पुन्हा दाबायचा नाही, धरूनच ठेवायचा. वेगवेगळ्या स्वरांवर असेल तर मध्ये श्वास न सोडता सलग. कीबोर्डच्या पट्टीतून मींड निघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.

स्टकाटोत एक चूक सगळी मुलं करतात, घाई. स्वर निम्म्यावर सोडायचा, पण उरलेली निम्मी मात्रा गप्प बसून मोजायची. गरम तव्याला बोट लागल्यासारखं उचलायचं, पुढच्या स्वरावर पळायचं नाही.

पेटीवाला_गंगाखेड
ताई, टच बंदच होता! धाकट्यानं कधीतरी बटणं दाबून ठेवलेली. आता पी-एफ ऐकू यायलेत, एमपी अन् एमएफ मात्र अजून सारखेच वाटतात मला. मॅडमना खरं काय ते कळवलं, त्या हसल्या.

काका, तुमचं "तु तु" लेकीला लाजल्यासारखं होतंय. ताईंचं तव्याचं पटलं. टिंब आलं की "तवा", रेघ आली की "धर", असं पुटपुटत वाजवायली. आमची आई ओसरीतून विचारायली, "कवापासून तवा तवा लावलंय, भाकरी कोण टाकायलंय?"