हवार बेटांचा १९३९चा निकाल आधीच ठरलेला होता

खारवारा

हवार बेटं कतारच्या पश्चिम किनाऱ्यापासून जेमतेम २ किलोमीटरवर आहेत, बहरीनच्या मुख्य बेटापासून सुमारे २० किलोमीटरवर. तरी ती बहरीनची. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्च २००१ रोजी १२ विरुद्ध ५ मतांनी तेच कायम केलं. अंतरावरून मालकी ठरत नाही हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो हा निकाल ज्याच्यावर उभा आहे, त्या ११ जुलै १९३९च्या ब्रिटिश निर्णयावर. तेव्हा दोन्ही राज्यं ब्रिटिश संरक्षणाखाली होती.

तारखा बघा. मे १९३५मध्ये कतारच्या शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानींनी तेलाचा करार केला. बहरीनमध्ये १९३२लाच तेल लागलं होतं आणि बहरीनच्या करारात न आलेल्या उरलेल्या भागासाठी कंपन्यांची बोलणी चालू होती. २८ एप्रिल १९३६ला बहरीनच्या शासकांचे सल्लागार चार्ल्स बेलग्रेव यांनी हवारवर लेखी दावा केला. जुलैमध्ये लंडनने 'तूर्त' मत बनवलं की बेटं बहरीनची दिसतात. हे कतारच्या शेखांना कळवलंच नाही. १९३७मध्ये बहरीनने बेटावर शिपाई नेऊन बसवले. शेख अब्दुल्लांनी १९३८च्या मे महिन्यात तक्रार केली तेव्हा कुठे 'चौकशी' सुरू झाली. भावकीच्या वाटणीत पंचाने आधी एकाला घरात बसवायचं आणि मग दुसऱ्याला कागद आणायला सांगायचं, असा हा प्रकार.

चौकशी केली ह्यू वेटमन यांनी. ते बहरीनमधले पोलिटिकल एजंट, म्हणजे तिथले ब्रिटिश प्रतिनिधी. त्यांची कचेरी बहरीनच्या राजधानीत, मनामात, रोजचा व्यवहार बेलग्रेव यांच्याशी. बहरीनची कैफियत लिहिणारेही बेलग्रेवच. समोर कतारचे वयस्क शेख, ज्यांच्याकडे ना दफ्तर ना इंग्रजी कायदा जाणणारा माणूस. निकाल कळवताना कारणंही दिली नाहीत. याला मी न्याय म्हणू शकत नाही. एका छोट्या राज्याला अंधारात ठेवून त्याच्या दारातली बेटं दुसऱ्याला दिली गेली, एवढंच म्हणू शकतो.

सनद

असहमत. तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष नाही.

तेलासाठी केलं असं तुम्ही सुचवता. पण कतारचा करार ज्या कंपनीकडे गेला ती पेट्रोलियम कन्सेशन्स ब्रिटिश वर्चस्वाची. बहरीनमधली कंपनी अमेरिकन मालकीची, कॅनडात नोंदलेली. लंडनला फक्त तेल हवं असतं तर हवार कतारला देणं सोयीचं होतं, म्हणजे ब्रिटिश कंपनीचा हक्क आपोआप तिथवर पोचला असता. त्यांनी उलट केलं. तेलामुळे प्रश्न ऐरणीवर आला हे खरं, उत्तर तेलाने ठरवलं हे सिद्ध होत नाही.

दुसरं, पुरावा. बहरीनकडे दाखवायला काहीतरी होतं. दवासिर टोळीचे लोक बहरीनच्या बुदय्या आणि झल्लाकहून हिवाळ्यात हवारवर मासेमारीला जात, तिथे त्यांची घरं आणि पाण्याची टाकी होती, त्यांचे तंटे बहरीनच्या काझीपुढे गेले होते. कतारचा मुख्य आधार बेटं जवळ आहेत हा. वेटमन यांना दोन्ही बाजूंच्या लेखी कैफियती मिळाल्या होत्या, आणि बहरीनचा जबाब कतारला देऊन त्यावर उत्तरही घेतलं गेलं. ३० मार्च १९३९चं कतारचं उत्तर दफ्तरात आहे.

खारवारा

सनद, तेलाचा मुद्दा तुम्ही चांगला मांडलात. कंपनीच्या फायद्यासाठी निकाल दिला असं मी म्हणणार नाही. मग बहरीनच का, याचं माझं उत्तर वेगळं आहे: बहरीन ब्रिटिशांच्या घरातलं होतं. एजंट तिथे, सल्लागार इंग्रज, कारभार इंग्रजी वळणाचा. जे राज्य त्यांच्या भाषेत कागद करू शकत होतं त्याचाच कागद खरा ठरला.

दवासिरांबद्दल मात्र थांबा. १९२३मध्ये हीच टोळी बहरीनच्या शासकांशी फाटल्यावर आजच्या सौदी अरेबियातल्या दम्मामला निघून गेली होती, काही वर्षांनी परतली. हंगामी कोळ्यांच्या येण्याजाण्यावर राज्याचा हक्क उभा करायचा तर त्या कोळ्यांची निष्ठा तरी पक्की हवी.

आणि हे फक्त माझं मत नाही. १९३९चा निकाल कळवणाऱ्या फाउल यांच्यानंतर आखाताचे पोलिटिकल रेसिडेंट, म्हणजे एजंटांच्या वरचे ब्रिटिश अधिकारी झालेले प्रायर यांनी १९४१मध्ये लिहून ठेवलं की त्यांच्या मते ही बेटं कतारची. ज्या खुर्चीवरून निकाल कळवला गेला तिच्यावर पुढे बसलेल्या माणसालाच तो पटला नव्हता! तरी फाइल पुन्हा उघडली नाही.

गलबत

तुम्ही दोघं १९३६पासून सुरू करता. मागे जायला हवं, आणि तिथे आपल्या मुंबईचा संबंध आहे. इराणच्या किनाऱ्यावरची बुशहरची रेसिडेन्सी, म्हणजे आखाताच्या रेसिडेंटची कचेरी, १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. १८६७मध्ये बहरीन आणि अबू धाबीने मिळून कतारमधले दोहा आणि वक्रा लुटले. दुसऱ्या वर्षी रेसिडेंट लुईस पेली लढाऊ जहाजं घेऊन आला, बहरीनच्या मुहम्मद बिन खलिफांना पदावरून काढलं, त्यांचे भाऊ अली यांना बसवलं आणि सप्टेंबर १८६८मध्ये दोह्याचे प्रमुख मुहम्मद बिन थानींकडून वेगळं लेखी वचन घेतलं की दोह्यात शांतपणे राहीन, समुद्रावर लढायला जाणार नाही, तंटा झाला तर रेसिडेंटकडे आणीन. कतारला बहरीनपासून वेगळा पक्ष म्हणून कागदावर आणलं ते या वचनाने. म्हणजे कतारच्या थानी घराण्याला उभं राहायला जागा मिळाली तीही ब्रिटिश हस्तक्षेपातूनच.

तेव्हा ब्रिटिश बहरीनच्या बाजूचे, हे ७० वर्षांच्या हिशेबात बसत नाही. १९३७चा झुबारा आठवा. कतारच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे गाव बहरीनच्या खलिफा घराण्याचं जुनं ठाणं, १७८३मध्ये बहरीन जिंकायला ते इथूनच निघाले. १९३७मध्ये शेख अब्दुल्लांनी तिथल्या नईम टोळीवर सैन्य घातलं, कारण नईमांतला एक गट बहरीनचं नाव सांगत होता. बहरीनने आकांत केला, कतारशी व्यापार आणि प्रवास बंद केला. आणि ब्रिटिशांनी? झुबारा कतारचा, असं मानून बहरीनसाठी बोट उचललं नाही.

दोहाकर

झुबाऱ्याचा किल्ला मी पाहिलाय. २०१३मध्ये ते ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. बहुतेक पर्यटक त्या चौकोनी किल्ल्याला फार जुना समजतात, पण तो १९३८मध्ये शेख अब्दुल्लांनी बांधलेलं ठाणं आहे, नईमांवरच्या स्वारीनंतरच्या वर्षी. तिकडे हवारवर बहरीनचे शिपाई, इकडे झुबाऱ्यात कतारचा किल्ला. दोन्ही शेखांना ब्रिटिश कागद किती टिकतो याची खात्री नसावी, म्हणून प्रत्येकाने ताबा पक्का करून ठेवला.

त्यामुळे शेख अब्दुल्लांना नुसतं अंधारात ठेवलेला म्हातारा म्हणणं मला पटत नाही. करार करताना त्यांनी अँग्लो-पर्शियन या ब्रिटिश तेल कंपनीला बराच काळ झुलवलं होतं. राजकारण त्यांना येत होतं.

एक जण मला म्हणाला की झुबारा कतारला दिला म्हणून हवार बहरीनला भरपाई दिली. हे चुकीचं आहे. हवारचं तूर्त मत जुलै १९३६चं, झुबाऱ्याचा हल्ला जुलै १९३७चा.

खारवारा

दोहाकर, ही तारीख माझ्याच बाजूने बोलते. भरपाई नव्हती, म्हणजे १९३६चं मत कोणत्याही वादाच्या आधी, एकाच बाजूच्या अर्जावर बनलं. १९३९च्या चौकशीने तेच पक्कं केलं. आणि गलबत, झुबाऱ्यात बोट उचललं नाही हे खरं, पण नईमांना कुणी विचारलं होतं का? ज्यांच्या घरावर सैन्य गेलं त्यांचं म्हणणं दोन्ही फायलींत इतरांच्या तोंडूनच येतं.

सनद

नईमांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

पण हेगने नेमकं काय म्हटलं ते नीट पाहू. १९३९चा निर्णय लवादाचा निवाडा नव्हता, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. तरी तो बंधनकारक, कारण दोन्ही शासकांनी प्रश्न ब्रिटिशांवर सोपवायला संमती दिली होती. कारणं न देण्याने निर्णय रद्द होत नाही, कारण ती देण्याची अट नव्हती. पूर्वग्रहाचा आक्षेप कतारने तिथे मांडला होता, तो टिकला नाही. त्याआधी कतारने सादर केलेल्या ८२ कागदांच्या खरेपणावर बहरीनने शंका घेतली आणि शेवटी कतारला ते मागे घ्यावे लागले, त्याचा फटकाही बसला असणारच.

आणि निकाल एकतर्फी नव्हता. झुबारा कतारचा ठरला. फश्त अद-दिबल हा ओहोटीला उघडा पडणारा खडक कतारला गेला. १९८६मध्ये कतारच्या हेलिकॉप्टरांनी उतरून २९ कामगार पकडले होते तो हाच खडक. हवारच्या दक्षिणेचं जनान बेटही १३ विरुद्ध ४ मतांनी कतारला, कारण २३ डिसेंबर १९४७च्या पत्रांत ब्रिटिशांनीच जनान हवारमध्ये मोडत नाही असं लिहिलं होतं. तुम्ही ज्या ब्रिटिश कागदांवर रागावता, त्यांतल्याच एकाने कतारला बेट दिलं.

खारवारा

संमती कशाची, हाच माझा प्रश्न आहे. १९१६च्या तहाने कतारचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती होते. शेख अब्दुल्ला दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नव्हते. त्यांनी एकमेव उघड्या दारावर टकटक केली, आणि ६२ वर्षांनी त्याला 'संमती' म्हटलं गेलं. बेजाऊई, रांजेवा आणि कोरोमा या न्यायाधीशांनी बहुमतापासून वेगळं मत लिहिलं, ते उगाच नाही.

गलबत

त्या तिघांशी सहमत असूनही मी २००१चा निकाल बदला म्हणणार नाही. दोन्ही राज्यांनी तो मानला. आणि ज्याच्याबद्दल कुणी बोललं नाही ती गोष्ट तिथल्या पाण्याची: हवार आणि बाकी बहरीन यांच्यामधलं पाणी न्यायालयाने बहरीनचं अंतर्गत पाणी मानलं नाही, प्रादेशिक समुद्र मानला. म्हणून कतारच्या जहाजांना तिथून निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क राहिला. तो नसता तर कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या जहाजाला बहरीनची परवानगी मागावी लागली असती, आणि मग १९३९च्या निकालाने खरंच कतारचं दार बंद केलं असतं.