पावसाळ्यात .२२ ची काडतुसे कशी साठवावीत? रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात का?

प्रश्न
मी रत्नागिरीत राहतो आणि ५० मीटर रायफल प्रोन (पालथे झोपून नेम साधण्याच्या) प्रकाराचा सराव करतो. परवान्यावर घेतलेली .२२ लाँग रायफलची काडतुसे घरीच कुलुपात ठेवतो. गेल्या पावसाळ्यात काहींच्या पितळेवर हिरवट डाग पडले आणि चाप ओढूनही काही गोळ्या सुटल्या नाहीत. साठवण कशी करावी? परदेशातील शिकारी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात, असे वाचले. आपल्याला तसे करता येईल का?

उत्तर १
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असेच आहे. .२२ च्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेतच असते आणि पिनेच्या आघाताने ती कड चेपली जाते. त्यामुळे ती पुंगळी पुन्हा उपयोगात येत नाही. शिकारी भरतात ती मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) काडतुसे असतात, ज्यांच्या तळाच्या मध्यभागी पेट घेणाऱ्या मिश्रणाची, बदलता येणारी टोपी असते. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही येतात, व निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे केवळ बाळगण्याच्या परवान्यावर हा उद्योग कृपया करू नये.

उत्तर २
साठवणीबाबत सांगतो. दमटपणाची काळजी सगळेच घेतात, पण उष्णता तितकीच घातक असते, कारण धूररहित दारूतील नायट्रोसेल्युलोजचे विघटन मुळातच हळूहळू चालू असते आणि उष्णतेने त्याचा वेग वाढतो. म्हणून पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभी गाडी या जागा टाळाव्यात. काडतुसे मूळ खोक्यातच, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्या ओलावा शोषून निकामी झाल्या की बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून डबा बाहेर काढल्यावर तो लगेच उघडू नये, कारण कोकणातल्या दमट हवेतील वाफ थंड पितळेवर तत्काळ जमते. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवली, तर पितळ हिरवे पडते. तुमच्याकडे तसे होत आहे का, हे आधी पाहावे.
गोठ्यापासूनही डबा दूर असावा. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना भेगा पडत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ताणाखालच्या पितळेला फोडतो, हे कारण १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

उत्तर ३
वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. डाग पुसण्यासाठी झिरपणारे तेल वापरू नये, कारण ते आत शिरून मिश्रण निकामी करू शकते. कोरडे कापड पुरे. गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. न सुटलेली किंवा भेग पडलेली काडतुसे पुन्हा वापरू नयेत. रेंजच्या अधिकाऱ्यांकडे सोपवावीत. वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपांची) काडतुसे मिसळू नयेत. तुमच्या रायफलला एखादा लॉट जुळला असेल, तर तो स्पर्धेसाठी राखून सरावाला दुसरा वापरावा.