अनुभव धागा : वाढदिवसाला एकट्यानं घाट

वाढदिवसाची तारीख काही आपण ठरवून घेत नाही. जुलैत आला त्याला आंबोलीचं धुकं, मेमध्ये आला त्याला करवंदं. त्या दिवशी कुणालाही सोबत न घेता घाटात गाडी घातलेल्यांनी इथं लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, सगळे या. सुरुवात मी करतो.

माझा ऑक्टोबर अखेरचा. सकाळी बुलेट काढली तर आई दारात. "भांडलास काय रे कुणाशी? वाढदिवसाला कोण एकटं जातंय?" जाऊन येतो की, म्हटलं. जांबोटीत चहा मारला आणि कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी गाडी लावली. मलप्रभा इथनंच निघते. हे पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं जाणार, आणि याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानातनं निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. पुढं चोर्ला घाटाच्या वळणांवर रेंज गेली, शुभेच्छांचे फोन बंद झाले. खरं सांगतो, बरं वाटलं. गोव्यात साखळी गावाला भाजीपाव खाल्ला आणि उलटा फिरलो.

संकेश्वरहून
माझा जुलैचा, त्यामुळं कोरडा वाढदिवस माहीतच नाही. कार घेऊन एकटीच गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला गेले. मोठ्या धबधब्यापाशी रविवारची झुंबड, कणसं, मॅगी, स्पीकरवर गाणी. तिथं थांबलेच नाही, हिरण्यकेशीच्या देवळाकडं वळले. ही नदी आमच्या गावावरून वाहते, पुढं घटप्रभेला मिळते. पावसाळ्यात पुलावरून बघायची सवय : तांबडी, फुगलेली, कडेला प्लास्टिक अडकलेलं. इथं ती गुहेतनं बाहेर येते. वाकून पाण्यात हात घातला तर बोटं बधिर. शेजारी एक आजी ओटी भरत होत्या, त्यांनी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांना कुठं माहीत होतं आज माझा वाढदिवस! केक म्हणाल तर तोच.

उतरताना धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. एक विनंती : धुक्यात चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून ठेवू नका हो. तुम्ही कुठं वळणार ते मागच्याला कळतच नाही. लो बीम पुरतो.

बेळगाव, भाजीची गाडी
तुम्ही हौसेनं जाता, आम्ही पोटासाठी. बेळगावची भाजी गोव्याला रोज जाते, त्यातली एक गाडी माझी. वाढदिवस असला तरी पहाटे चोर्ला उतरायचा म्हणजे उतरायचाच. एकटंच असतंय माणूस, फोटो कोण काढणार? तरी लिहितो कारण नव्या पोरांना सांगायचंय. ज्या गिअरला घाट चढता त्याच गिअरला उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की ब्रेक तापतात, मग दाबून उपयोग नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अंधारात गवे रस्त्यावर असतात. एक दिसला तर मागं कळप आहे असं धरूनच थांबा. हॉर्न मारू नका, लाईट डिम करा.

शिनोळीजवळून
साठी झाली त्या दिवशी तिलारी घाट उतरलो. मे महिना. मंडळी म्हणाल्या, "या वयात एकटे कशाला?" म्हटलं, या वयात विचारणार कोण! घाट अरुंद, उतार असा की पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी पुढंच ओढते. रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी पोरगी होती, सगळेच द्रोण घेतले. घरी पोचेपर्यंत सीट काळीनिळी. त्यावर चिडलेल्या मंडळींनी करवंदं मात्र मीठ लावून संपवली.

खानापूरहून
अनमोड घाट कुणीच लिहिला नाही? लोंढा, रामनगर करून गेलात की झाडी अशी की भरदुपारी सावली. माझा जानेवारीचा, हवा झकास. खड्ड्यांचं विचारू नका.

टिळकवाडी
माझा २९ फेब्रुवारीचा, म्हणजे पुढचा २०२८ ला. तोवर चोर्ल्याचा रस्ता नीट होतोय काय ते सांगा, मग गाडी काढतो.